ओंडका, भिंत आणि आपले अंदाज : ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ या नियतकालिकाची गोष्ट

भिलाईहून पुन्हा एकदा आपल्या भेटीला आलो आहे. आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. तुमच्या खिशात किंवा पर्समध्ये दहा, वीस, शंभर, कुठलीही नोट असेल. ती बाहेर काढू नका. नोटेच्या मागच्या बाजूला एका उभ्या पट्ट्यात तिची किंमत वेगवेगळ्या भाषांत छापलेली असते. त्या पट्ट्यात एकूण भाषा किती? आणि आपल्या मराठीची ओळ वरून कितवी? कागदावर दोन आकडे लिहून ठेवा. उत्तर शेवटी.

गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळींत मी हाच प्रश्न टाकला होता. सातपासून बावीसपर्यंत सगळे आकडे आले. आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेले एक गृहस्थ छातीठोकपणे अठरा म्हणाले. चुकले. मीही पहिल्यांदा चुकलो होतो, म्हणून हसलो नाही.

हा खेळ माझा नाही. १९७९ साली रेमंड निकरसन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स या दोघांनी अमेरिकी माणसांना त्यांचं एक सेंटचं नाणं आठवणीतून काढायला सांगितलं. लिंकनचा चेहरा, साल, अक्षरं अशा आठ खुणा तपासायच्या होत्या. मधल्या माणसाची मजल तीन खुणांपर्यंत गेली. आठही खुणा जागच्या जागी काढणारा एकच निघाला, आणि तो नाणी जमवणारा होता. लहानपणापासून हजारो वेळा हाताळलेली वस्तू आपण पाहतो, पण साठवत नाही. कामापुरतं साठवतो. हा लेख ज्या नियतकालिकात आला त्याचं नाव ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’. मराठीत ‘बोधनिक मानसशास्त्र’ म्हणतात. माणूस पाहतो कसा, लक्ष कसं देतो, आठवतो कसं, अंदाज कसा बांधतो आणि निर्णय कसा घेतो, याचा अभ्यास.

तुम्ही म्हणाल, या मालिकेत आपण लढाया, किल्ले, मोहिमा यांबद्दल बोलतो. आज एका परदेशी नियतकालिकाचा इतिहास कशाला? कारण त्याच्या जन्मकथेत एक भिंत आहे, एक लाकडी ओंडका आहे आणि लष्करात अधिकारी व्हायला आलेली पोरं आहेत. त्या भिंतीशी माझा जुना संबंध आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९१३ साली जॉन वॉटसनने अमेरिकेत वर्तनवादाचा झेंडा रोवला. मनात काय चालतं ते दिसत नाही, म्हणून त्यावर बोलायचं नाही. काय दिलं आणि प्राण्याने काय केलं, एवढंच मोजायचं. उंदीर, कबुतरं, पिंजरे. पुढची तीस-चाळीस वर्षं अमेरिकी विद्यापीठांत हाच बोलबाला होता. मग दुसरं महायुद्ध आलं. रडारच्या पडद्यासमोर बसलेला शिपाई काही वेळाने ठिपका का चुकतो, वैमानिक दोन बटणांत गोंधळ का करतो, हे प्रश्न कबुतरांवरून सुटेनात. त्यात संगणक आला आणि ‘माहिती आत येते, तिच्यावर प्रक्रिया होते, उत्तर बाहेर पडतं’ अशी भाषा मिळाली. १९५६ मध्ये जॉर्ज मिलरने माणूस एका वेळी साधारण सात गोष्टीच ध्यानात धरू शकतो हा प्रसिद्ध लेख लिहिला. १९६७ मध्ये अल्रिक नाइसरचं ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ हे पुस्तक आलं आणि नव्या शाखेला नाव मिळालं. तीनच वर्षांत, १९७० साली, त्याच नावाचं नियतकालिक सुरू झालं.

या नियतकालिकाची एक खोड सुरुवातीपासून आहे : लेख लांबलचक. एखादा प्रयोग करून चार पानांत मोकळं व्हायचं, हा इथला रिवाज नाही. एकापाठोपाठ पाच-सहा प्रयोग आणि त्यांतून उभा राहणारा एक विचार. मला हे आवडतं. आमच्याकडेही एका गस्तीच्या अहवालावर कोणी हल्ल्याची योजना आखत नाही.

आता भिंतीकडे वळू.

१९५५ साली इस्रायलच्या लष्करात डॅनियल काहनेमन नावाचा एकवीस वर्षांचा लेफ्टनंट होता. मानसशास्त्राची पदवी घेतलेली, म्हणून त्याला निवडीच्या कामावर लावलं. आठ उमेदवार, त्यांची ओळख फक्त नंबराने. एक लांब ओंडका आणि साधारण सहा फूट उंचीची भिंत. सगळ्यांनी पलीकडे जायचं. ओंडका जमिनीला टेकता कामा नये, ओंडका किंवा माणूस भिंतीला लागता कामा नये. लागला तर पुन्हा पहिल्यापासून. नेता कोणी नेमलेला नाही. काहनेमन आणि त्याचा सहकारी बाजूला उभे राहून पाहायचे : कोण पुढे होतो, कोण चिडतो, कोण दुसऱ्याची युक्ती गुपचूप स्वतःची करतो, कोण दमल्यावरही खांदा लावतो. तासाभरात दोघांची खात्री पटायची की या पोराचं पाणी आपण ओळखलं.

काही महिन्यांनी अधिकारी प्रशिक्षण शाळेकडून निकाल यायचे. यांचे अंदाज आणि तिथली प्रत्यक्ष कामगिरी ताडून पाहिली, तर अंदाज डोळे झाकून चिठ्ठी उचलण्यापेक्षा जेमतेम बरे. आणि गंमत म्हणजे हे कळल्यावरही दुसऱ्या दिवशी नवी तुकडी भिंतीसमोर आली की दोघांना पुन्हा तितकीच खात्री वाटायची. काहनेमनने या अनुभवाला पुढे ‘यथार्थतेचा भास’ अशा अर्थाचं नाव दिलं.

ज्यांनी आपल्याकडची एसएसबी पाहिली आहे, त्यांच्या अंगावर आता काटा आला असेल. कारण ही भिंत आपलीही आहे. १९४२ साली ब्रिटिश सैन्याने एडिनबरोजवळ नव्या पद्धतीचं निवड मंडळ सुरू केलं. खानदान आणि शाळा पाहून अधिकारी निवडणं महायुद्धात परवडेना. तिथे नेता न नेमता गटाला काम देण्याची युक्ती विल्फ्रेड बायन या डॉक्टरने काढली. हा गृहस्थ जन्मला मथुरेत, १८९७ साली. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांवर लढून शौर्यपदक मिळवलेला. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, ही पद्धत देहरादूनला आली. स्वातंत्र्यानंतर आपण ती टाकली नाही, आपल्या अंगाने वाढवली. १९४९ पासून संरक्षण खात्यात मानसशास्त्रीय संशोधनाची वेगळी शाखा आहे. आज तीच दिल्लीतली डीआयपीआर. आपल्याकडे उमेदवाराला तीन वेगवेगळे अधिकारी तीन अंगांनी पाहतात : मानसतज्ज्ञ, मुलाखत घेणारा आणि मैदानावरचा जीटीओ. मनसा, वाचा, कर्मणा असं त्याचं सूत्र सांगतात.

मी काही काळ जीटीओ होतो. फळी, बल्ली आणि दोर घेऊन अडथळा ओलांडणारी शेकडो पोरं मी पाहिली. छातीवर नंबर, नाव नाही. काहनेमन जे लिहितो ते मला नवं वाटलं नाही, उलट ओळखीचं वाटलं, आणि त्यानेच अस्वस्थ केलं.

त्याचं कारण सांगतो. आम्ही ज्यांना ‘हो’ म्हणायचो, त्यांच्यापैकी काही पुढे कुठे ना कुठे भेटायचे. कोणी कॅप्टन झालेला, कोणी युनिटमध्ये नाव कमावलेला. ‘सर, मी आपल्याच बोर्डातून निघालो,’ म्हणायचा. छाती फुगायची. पण ज्यांना ‘नाही’ म्हटलं, त्यांच्यातला एकही मला कधी भेटायला आला नाही. कशाला येईल? म्हणजे माझ्या निम्म्याहून अधिक निर्णयांचा निकाल मला कधीच कळला नाही, आणि उरलेल्यांतले जे चांगले निघाले तेच मला येऊन भेटले. अशा हिशेबावर मी स्वतःला माणसं ओळखणारा समजत होतो. संस्था म्हणून पडताळणी होत असते, तो वेगळा विषय. मी माझ्यापुरतं बोलतोय.

आणि मी स्वतः? पहिल्या खेपेला मला एका मंडळाने परत पाठवलं होतं. साताठ महिन्यांनी दुसऱ्या मंडळाने घेतलं. मधल्या काळात मी काय वेगळा माणूस झालो होतो? वडिलांच्या सायकलवरून सेक्टरमधल्या वाचनालयात जायचो आणि संध्याकाळी धावायचो, एवढंच. दोन्ही मंडळांतले अधिकारी सचोटीचे होते याबद्दल मला शंका नाही. पण एकाच माणसाबद्दल दोन प्रामाणिक उत्तरं उलटसुलट आली. काहनेमनने २०२१ मध्ये दोन सहलेखकांबरोबर ‘नॉइज’ या नावाचं पुस्तक लिहिलं, ते याच विस्कळीतपणाबद्दल आहे.

पण लेफ्टनंट काहनेमन नुसता हळहळत बसला नाही. लढाऊ तुकड्यांसाठी मुलाखतीची नवी पद्धत आखायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी ठरावीक, वस्तुस्थिती विचारणारे प्रश्न. एका गुणाला अंक देऊन झाल्यावरच पुढच्या गुणाकडे जायचं. शेवटी बेरीज. मुलाखत घेणाऱ्या तरुण सैनिकांनी बंड केलं : आम्हाला यंत्र बनवता काय? तेव्हा त्याने त्यांच्या समाधानासाठी एक सवलत दिली. सहा अंक लिहून झाले की डोळे मिटा, हा जवान प्रत्यक्ष कामावर कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आणा आणि एक ते पाच अंक द्या. पुढे पडताळणीत सहा अंकांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी सरस ठरली. आणि डोळे मिटून दिलेला अंकही तेवढाच उपयोगी निघाला! अंतःप्रेरणा वाईट नाही, पण तिला आधी सहा अंकांची कवायत करायला लावली पाहिजे.

हे वाचल्यावर मला एक जुना उमेदवार आठवला. पहिल्या दिवशी तीन मिनिटांच्या भाषणात तो अडखळला. त्यानंतर दोन दिवस मी त्याचं जे जे पाहिलं ते त्या अडखळण्याच्या चष्म्यातून पाहिलं. बल्लीला बांधलेली त्याची गाठ पक्की होती, तेही माझ्या वहीत ‘काम करतो, पण बोलत नाही’ असंच उतरलं. एका गुणाचा डाग दुसऱ्यावर पसरू द्यायचा नाही ही साधी गोष्ट मला शिकवलेली होती. वहीत मात्र पसरलेली होती.

आता नियतकालिकाकडे परत. काहनेमनला जेरुसलेममध्ये जोडीदार भेटला, एमस तव्हर्स्की. तोही सैनिक. छत्रीधारी तुकडीत असताना एका सरावात काटेरी तारेखाली बेंगलोर टॉर्पेडो लावून त्याचा शिपाई जागीच थिजला. तव्हर्स्कीने धावत जाऊन त्याला ओढून बाजूला केलं, स्वतः जखमी झाला आणि त्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळालं. (हा टॉर्पेडो आपल्या मद्रास सॅपर्सच्या मॅक्‌क्लिंटॉकने १९१२ मध्ये बंगळुरात तयार केला, म्हणून हे नाव. सॅपर मंडळी ऐकत असतील तर रागावू नका, पूर्ण कथा एका वेगळ्या भागात सांगेन.)

या दोघांचे सुरुवातीचे दोन पायाभूत लेख ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’त आले, १९७२ आणि १९७३ मध्ये. पहिल्यातलं एक कोडं असं. गावात दोन रुग्णालयं. मोठ्यात रोज ४५ बाळं जन्मतात, लहानात १५. वर्षभरात ज्या दिवशी ६० टक्क्यांहून अधिक मुलगे जन्मले असे दिवस कुठे जास्त निघतील? निम्म्याहून अधिक लोक म्हणाले, दोन्हीकडे सारखेच. बरोबर उत्तर : लहान रुग्णालयात. संख्या लहान असली की ती जास्त हेलकावे खाते. तीन दिवसांच्या मैदानावरून तीस वर्षांच्या नोकरीचा अंदाज बांधणाऱ्याने हे कोडं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

दुसऱ्या लेखात आहे ती ‘सहज आठवणाऱ्या’ गोष्टींची बाधा. लोकांना ३९ नावं ऐकवली. एका यादीत १९ प्रसिद्ध स्त्रिया आणि २० फारसे माहीत नसलेले पुरुष. दुसऱ्या यादीत उलट. मग विचारलं, नावं कोणाची जास्त होती? ९९ पैकी ८० जण प्रसिद्ध नावांच्या बाजूने चुकले. जे पटकन आठवतं ते जास्त असतं, असं मन धरून चालतं. रस्त्याच्या एका वळणावर घातपात झाला की पुढचा महिनाभर ताफ्यातला प्रत्येक जण वळणांकडे डोळे फाडून बघतो आणि सरळ रस्त्यावर सैलावतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या कामाबद्दल काहनेमनला २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तव्हर्स्की १९९६ मध्येच गेला होता. काहनेमन २०२४ च्या मार्चमध्ये गेला.

त्या पहिल्या दहा-बारा वर्षांत या नियतकालिकाने जे छापलं त्याची नुसती यादी केली तरी दिवस जाईल. तीन लेखांपुरतं थांबतो.

१९७३ मध्येच विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळाचा उस्ताद, मध्यम खेळाडू आणि नवशिका असे तिघे बसवले. पट पाच सेकंद दाखवायचा आणि झाकायचा. खऱ्या डावातली मांडणी असेल तर उस्ताद पहिल्या नजरेत मोहऱ्यांचा बराच मोठा भाग मांडायचा, नवशिका चारेक. पण मोहरे कसेही विस्कटून ठेवले की उस्तादाची सगळी मिजास गेली, तोही नवशिक्याच्या रांगेत. म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. त्याने वर्षानुवर्षांच्या खेळातून ओळखीचे पुंजके साठवलेले असतात. आमच्यापासून रेल्वेने चार-पाच तासांवरच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकली तेव्हा शेजारचे एक आजोबा म्हणाले, ‘पोरीचं डोकं उपजतच असणार.’ मी त्यांना चेस-सायमनची गोष्ट सांगितली. त्यांना ती आवडली नाही. उपजत म्हटलं की आपल्या नातवाला दोष देता येत नाही ना!

१९८० मध्ये अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांचा लक्ष देण्यावरचा लेख आला. हिरव्या ठिपक्यांत एक लाल ठिपका असेल तर तो चटकन उसळून वर येतो, मग हिरवे दहा असोत की तीस. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून शोधायचं असेल, तर नजर एकेक वस्तू चाळत जाते आणि गर्दी वाढली की वेळ वाढतो. पहाऱ्यावर दुर्बीण लावून समोरचा उतार चाळलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. वेषांतराच्या सगळ्या विद्येचं मूळच यात आहे : शत्रूला एका खुणेवरून सापडू द्यायचं नाही. (ट्रीझमन ही पुढे काहनेमनची पत्नी म्हणूनही ओळखली गेली. मला हे सांगायला आवडत नाही, कारण तिचं काम स्वतःच्या पायावर उभं आहे.)

त्याच वर्षीचा मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचा लेख तर एका किल्ल्यावरच उभा आहे. किल्ल्याकडे येणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले. लहान तुकडी सुखरूप जाते, मोठी फौज गेली तर स्फोट. सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करतो, प्रत्येक वाटेने एक पाठवतो, सगळ्या एकाच वेळी किल्ल्यावर पोहोचतात. ही गोष्ट वाचून झाल्यावर लोकांना वैद्यकीय कोडं घातलं : पोटातली गाठ जाळायला जोरदार किरण हवेत, पण ते वाटेतलं निरोगी मांसही जाळतात, तर काय करायचं? उत्तर तेच : अनेक बाजूंनी सौम्य किरण सोडायचे, गाठीपाशी एकत्र आणायचे. ‘आधीची गोष्ट वापरा’ अशी सूचना दिली की बहुतेकांना जमलं. सूचना दिली नाही, तर थोड्यांनाच सुचलं. गोष्ट काही मिनिटांपूर्वीच वाचलेली होती! लष्करी इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हा लेख जरूर वाचावा. आम्ही कॅडेटांना पानिपत आणि प्रतापगड शिकवतो आणि गृहीत धरतो की वेळ आल्यावर त्यांना ते आपोआप आठवेल.

आता भिलाईचा खरा विषय. आमच्या गावाची ओळख पोलादाची. १९५५ चा सोव्हिएत करार, १९५९ ची पहिली झोतभट्टी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भिलाई मुलींच्या बास्केटबॉलचंही गाव आहे. दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी इथे एक पिढी घडवली आणि छत्तीसगडच्या मुली राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मैदानाच्या कडेला बसणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल : एखादीचा हात एकदा गरम झाला की चेंडू तिच्याकडेच द्यावा.

१९८५ मध्ये ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’त थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि तव्हर्स्की यांनी या समजुतीवरच हात घातला. शंभर चाहत्यांपैकी ९१ जणांचा ‘गरम हाता’वर विश्वास होता. लेखकांनी फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाच्या नोंदी तपासल्या, कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंकडून ठरावीक अंतरावरून नेम मारून घेतले. निष्कर्ष : लागोपाठ बास्केट पडल्यावर पुढचा पडण्याची शक्यता वाढत नाही. नाण्यालाही कधी कधी चार छापे लागोपाठ पडतात. आपण त्यात अर्थ शोधतो. प्रशिक्षक आणि खेळाडूंनी हे धुडकावून लावलं. अभ्यासक हसले : बघा, पुरावा दिला तरी माणूस ऐकत नाही! पुढची तीस वर्षं हा लेख म्हणजे सामान्य माणसाच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून वर्गावर्गांत शिकवला गेला.

आणि मग जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो या दोन अर्थशास्त्रज्ञांना हिशेबातच खोट सापडली. समजून घेऊ, अवघड नाही. नाणं तीनदा उडवा. आठ प्रकार होतात. प्रत्येक प्रकारात विचारा : छाप्यानंतर लगेच पुन्हा छापा किती वेळा आला? दोन प्रकारांत छाप्यानंतरची फेकच नाही, ते सोडा. उरलेल्या सहांचं प्रमाण क्रमाने लिहा : काटा-छापा-काटा शून्य, छापा-काटा-काटा शून्य, छापा-काटा-छापा शून्य, काटा-छापा-छापा एक, छापा-छापा-काटा अर्धा, तीन छापे एक. बेरीज अडीच, भागिले सहा. सुमारे ४२ टक्के. पन्नास नाही! विश्वास बसत नसेल तर कागद घ्या. म्हणजे लहान लहान मालिकांची अशी सरासरी काढली, तर अगदी निर्जीव नाणंसुद्धा ‘छाप्यानंतर थंड’ दिसतं. मग खेळाडूचा हात ‘नेहमीसारखाच’ दिसत असेल, तर तो खरं म्हणजे गरम झालेला आहे. ही दुरुस्ती लावली तेव्हा १९८५ च्या त्याच नेमांच्या आकड्यांत गरम हाताच्या खुणा निघाल्या. हा लेख २०१८ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त आला. चाहते गरम हाताला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देत असतील, तो भाग वेगळा. पण कडेला बसणारे पूर्ण वेडे नव्हते. पटेल सर हयात असते तर मी पेढे घेऊन गेलो असतो.

इथे ‘प्रभाव’ या शब्दाबद्दल बोलतो, कारण आजकाल नियतकालिकांची प्रतवारी एका आकड्याने करतात, इम्पॅक्ट फॅक्टर. यूजीन गारफील्ड यांच्या कल्पनेतून आलेला हा आकडा १९७५ पासून दरवर्षी प्रसिद्ध होतो. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती वेळा उद्धृत केलं, एवढंच तो सांगतो. दोन वर्षं! गरम हाताच्या लेखातली चूक सापडायला तीस वर्षं लागली, आणि चुकीचा असूनही त्याने दोन्ही बाजूंना विचार करायला लावलं. अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा लेख घ्या. एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, ध्यानातली माहिती ताजी ठेवणं, हातून निघू पाहणारी चुकीची कृती रोखणं, या मनाच्या तीन ‘अधिकारी’ क्षमता वेगळ्या आहेत आणि तरी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. पंचवीस वर्षांनंतरही मुलांच्या अभ्यासापासून म्हातारपणाच्या विस्मरणापर्यंत सगळीकडे त्याचा आधार घेतला जातो. दोन वर्षांच्या खिडकीतून हे दिसणार कसं? एका वार्षिक गोपनीय अहवालावरून अधिकाऱ्याची कारकीर्द मोजण्यासारखंच आहे हे. तेही आम्ही करतो म्हणा.

पुढच्या काळात रोख बदलत गेला. गोष्टींसारखी कोडी कमी झाली, गणिती आणि संगणकीय प्रतिमानं वाढली; मनाला संभाव्यतेचा हिशेबनीस मानून समीकरणं मांडली जाऊ लागली. खरं सांगतो, अलीकडचे लेख मला पूर्ण पेलत नाहीत. २०१५ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून मानसशास्त्रातले शंभर जुने प्रयोग पुन्हा करून पाहिले. सगळे मिळून जेमतेम ३६ टक्के टिकले. बोधनिक शाखेतले निम्म्याच्या आसपास टिकले, म्हणजे इतरांपेक्षा बरे. अभिमान वाटावा असं नाही, पण त्यांनी स्वतःची परेड स्वतःच घेतली.

दुसरी गोष्ट आपल्याला जवळची. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं की अशा संशोधनातले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असतात, जिथे जगातली १२ टक्के माणसं राहतात. आपण कुठे होतो? पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, प्रा. व. कृ. कोठूरकरांसारखे शिक्षक तिथे होते. २००२ मध्ये अलाहाबादला या विषयाचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. त्याच वर्षी ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी, दुसऱ्या एका नियतकालिकात, आपल्या देवनागरीतल्या पहिल्या वेलांटीचा अभ्यास मांडला. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चारताना क आधी. लेखन आणि उच्चार यांचा क्रम उलटा पडतो तिथे वाचणारा किंचित रेंगाळतो. इंग्रजीवर कितीही प्रयोग केले तरी हा प्रश्न सुचला नसता. असे आणखी किती प्रश्न मराठीत पडून असतील! घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी, कार्यालयात हिंदी बोलणारी भिलाईची पोरं एका दिवसात किती वेळा भाषेची कूस बदलतात, हे एखाद्या तरुण अभ्यासकाने मोजायला घ्यावं. मैदान इथेच आहे, पोरंही आहेत.

माझ्याकडे अजूनही एसएसबीची तयारी करणारी मुलं-मुली येतात. पूर्वी मी पाच मिनिटांत सांगून टाकायचो, ‘तू निघशील,’ ‘तू कठीण आहेस.’ आता सांगत नाही. त्यांच्यासाठी एक वही केली आहे. सहा रकाने. एक भरल्याशिवाय दुसरा वाचत नाही. आणि ज्यांचं झालं नाही त्यांनी वर्षभराने एक फोन करायचा, एवढी अट घालतो. आतापर्यंत काही फोन आले आहेत. एक पोरगी विमानतळावर सुरक्षेत आहे, एक मुलगा राजनांदगावला शाळेत शिकवतो. दोघांबद्दल माझ्या वहीत काय लिहिलं होतं ते इथे सांगत नाही.

बरं, आता नोट काढा. भाषांच्या पट्ट्यात एकूण पंधरा ओळी. हिंदी आणि इंग्रजी त्या पट्ट्यात नाहीत, त्या नोटेवर इतरत्र आहेत. इंग्रजी वर्णानुक्रमाने आसामीपासून उर्दूपर्यंत. मराठी आठवी. वरून मोजा नाहीतर खालून.